सोमवारचा एक गडवा पाऊस

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे लातुरातल्या आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मी भूगोल शिकवते. माहेर भोकरकडचं. आमच्याकडची माणसं चढ्या आवाजात बोलतात आणि घटकाभरात विसरतात, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. ज्याच्यावर आपण चढतो तोही घटकाभरात विसरतो, असं मात्र मी आपलं धरूनच चालले होते. औशाहून किल्लारीकडं जाताना लागणाऱ्या एका गावातल्या मावशींनी माझा तो समज कायमचा घालवला.

त्या गावात आम्ही पर्जन्यमापक बसवला होता. आम्ही म्हणजे तीन देशांतली मिळून काही माणसं. कमी पावसाच्या मुलखात पाऊस पडतो तरी कसा, किती वेळ टिकतो, शेजारशेजारच्या दोन शिवारांत किती फरक करतो, हे समजून घ्यायला केनिया, स्पेन आणि आपला मराठवाडा असा एकत्र अभ्यास चालू होता. तिन्हीकडं यंत्रं एकाच जातीची, एकाच पद्धतीनं बसवलेली. आमच्या भागातल्या यंत्रांची देखरेख माझ्याकडं आली. मला इंग्रजी बरं येतं आणि बाकीच्यांना उन्हात फिरायचा कंटाळा होता, एवढंच त्याचं कारण.

गावाला या यंत्राचं अप्रूप होतं ते वेगळ्याच कारणानं. सरकारी पाऊस मोजला जायचा महसूल मंडळाच्या गावात, आणि तोच या गावाच्या नावावर लिहिला जायचा. तिकडं धो धो पडला आणि इकडं धूळ उडत असली तरी कागदावर गाव भिजलेलं. आता आपल्या शिवाराचा पाऊस आपल्या नावानं लिहिला जाणार, याचं लोकांना फार बरं वाटलं. खड्डा खणायला न बोलावता दहा-बाराजण आले.

जागा निवडतानाच दमछाक झाली. शाळेच्या मैदानात क्रिकेट, ग्रामपंचायतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आडवी, आणि शेतात ठेवलेली वस्तू किती दिवस राहील याचा नेम नाही. भूकंपानंतर नव्यानं वसलेलं गाव, त्यामुळं रस्ते रुंद आणि मोकळी जागा भरपूर. पण राखण असलेली मोकळी जागा एकच निघाली, मठाचं आवार. मठाची झाडलोट मावशींकडं होती. वय साठीच्या पुढं, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, घर मठाला लागूनच, गावाबाहेर थोडी जमीन. तरुणपणी तिफणीमागं चालून पेरावं तर मावशींनीच, असं गावात म्हणायचे. पेरताना चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या लाकडी नरसाळ्यात, मुठीनं बी सोडावं लागतं आणि मूठ जराशी हलली की पीक कुठं दाट, कुठं विरळ उगवतं. मावशींची ओळ म्हणे दोरी लावल्यासारखी उगवायची.

यंत्र म्हणजे कमरेएवढ्या खांबावर एक पांढरा डबा. वर नरसाळं, आत चमच्याएवढी दोन भांडी, तराजूच्या पारड्यांसारखी. एक भरलं की कलतं, टक् असा आवाज होतो, पाणी सांडून जातं आणि दुसरं वर येतं. अशा प्रत्येक टक्‌ची नोंद वेळेसकट नैरोबीला जाऊन पडायची. मावशींनी डब्याभोवती एक चक्कर मारली, वरून नरसाळ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, हे तर चाडंच आहे. तेव्हापासून गावात त्याचं नाव चाडं पडलं.

आम्ही भोवती जाळी लावली, जाळीला कुलूप घातलं आणि किल्ली मावशींच्या हातात दिली. त्यांनी ती तिथल्या तिथं पदराच्या गाठीत बांधली. यंत्र कसं सांभाळावं याचे चित्रांसकट चार कागद माझ्या पिशवीत होते. नरसाळं फक्त कोरड्या ब्रशनं झाडावं, पाणी अजिबात घालू नये, असं त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. मावशींना वाचता येत नव्हतं आणि मला साडेचारची गाडी पकडायची होती. मी म्हणाले, "मावशी, पाखरं वर घाण करतात. तेवढं साफ ठेवत जा." त्यांनी मान हलवली आणि माझं प्रशिक्षण संपलं. ते चार कागद पुढं माझ्या कपाटात दोन वर्षं निवांत पडून होते.

पहिल्या हिवाळ्यात नैरोबीच्या शास्त्रज्ञ बाई यंत्रं पाहायला आल्या. तिन्ही देशांच्या नोंदी तपासायचं काम त्यांच्याकडं होतं. परदेशी पाहुणी म्हणजे गोरीपान असणार असं गावानं गृहीत धरलेलं. जीपमधून उतरल्या त्या आमच्यासारख्याच काळ्यासावळ्या, उंच, भरदार. आधी सगळे जरा बुचकळ्यात पडले. मावशींनी मात्र त्यांना खालवर पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाल्या, ही उन्हात राबलेली दिसते. खरंच होतं ते. शेताच्या कडेनं चालताना पाहुण्या तुरीपाशी थबकल्या. शेंग तोडली, सोलली, दाणे तोंडात टाकले आणि आमच्या आईच्या शेतातही हीच असते म्हणाल्या. मग खाली वाकून काळ्या मातीचं ढेकूळ बोटांत चुरलं. मी इतकी वर्षं भूगोल शिकवते आहे, पण परदेशी शास्त्रज्ञानं आमची माती अशी ओळखीच्या माणसासारखी हातात घेतलेली मी प्रथमच पाहत होते.

दुपारी मावशींच्या घरी धपाटे आणि दही झालं. दोघी मधे मला बसवून बोलत राहिल्या. पेरण्याएवढा पाऊस झाला हे कसं ओळखता, असं पाहुण्यांनी विचारलं. मावशींनी अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली; एवढी ओल खाली गेली पाहिजे. पाहुण्यांनी आपला हात शेजारी ठेवला. त्यांची आई कोपरापर्यंत हात मातीत घालून बघते म्हणे. मावशींनी यावर बराच विचार केला आणि त्यांच्याकडची माती जास्त खोल भेगाळत असणार, असा निकाल दिला. तोही बरोबर निघाला.

दुसऱ्या उन्हाळ्यात पहिली मोठी तपासणी झाली आणि नैरोबीहून मला फोन आला. बाईंचा आवाज नेहमीसारखा मऊ होता. तुमच्या त्या गावात भर उन्हाळ्यात दर सोमवारी सकाळी सव्वासहाच्या सुमाराला पाऊस पडतो, म्हणाल्या. आजूबाजूच्या एकाही गावात पडत नाही. दर वेळी तेवढाच, आणि पाचेक मिनिटांत थांबतो.

माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण मी ते फोनवर कळू दिलं नाही. यंत्र बिघडलं असणार, उष्णतेनं असं होतं, असं ठोकून दिलं. त्या म्हणाल्या, "यंत्राला वार कळत नाही. सोमवार माणसांना कळतो." खोट्या पावसाचं कारण सापडलं नाही, तर दसऱ्याच्या आधीच्या बैठकीत या गावाची दोन्ही वर्षांची सगळी नोंद अभ्यासातून वगळावी लागेल, हेही त्यांनी सांगितलं. नियम तिन्ही देशांना सारखाच होता. माझ्या डोळ्यांपुढं खड्डा खणायला आलेली ती दहा-बारा माणसं उभी राहिली.

पुढच्या रविवारी मी औशाला मैत्रिणीकडं मुक्काम केला आणि सोमवारी पहाटे दुधाच्या जीपमधून गावात उतरले. मठाच्या फाटकाआड उभी राहिले. मावशींनी आवार झाडलं, सडा टाकला. मग ओट्यावरून एक छोटा पितळी गडवा काठोकाठ भरून घेतला, पदराची गाठ सोडली, जाळीचं कुलूप काढलं, डबा बाहेरून पुसला, आणि गडवा नरसाळ्यावर धरून इतकी बारीक, इतकी एकसारखी धार सोडली की एक थेंब बाहेर गेला नाही. आतून टक्, टक्, टक् ऐकू येत होतं. आज आठवलं तर वाटतं, त्या हाताकडं बघत नुसतं उभं राहावं. त्या दिवशी मला फक्त वगळली गेलेली दोन वर्षं दिसली.

मी आत घुसले आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. काय काय बोलले ते सगळं इथं लिहायची माझी तयारी नाही. समोरच्या हॉटेलातली माणसं चहाचे कप हातात घेऊन फाटकापर्यंत आली, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. शेवटी मी म्हणाले, "तुमच्या या एका गडव्यानं दोन वर्षांची माती केली, मावशी."

मावशींनी गडवा पालथा करून ओट्यावर ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही.

"तुम्हीच म्हणलाव, साफ ठेवा म्हणून. पाखराची घाण कोरड्यानं निघती का कुठं?" मग किल्ली गडव्याशेजारी ठेवली. "घ्या बाई. शिकलेल्यांचं काम हाय ह्ये. आमच्यानं न्हाई व्हायचं."

मी ती किल्ली उचलली. तेवढ्यावरच थांबून दोन शब्द बोलायला हवे होते. मी रागातच जीपमध्ये बसले. औशापर्यंत राग उतरला आणि लातूर येईपर्यंत कपाटातले चार कागद आठवले.

नैरोबीला काय लिहायचं यावर मी दोन दिवस काढले. अज्ञात व्यक्तीनं पाणी टाकलं, असं लिहून पाहिलं. मग राखणीच्या बाईंकडून चूक झाली, असं लिहिलं. तेही खोटंच होतं, फक्त जरा सभ्य खोटं. शेवटी लिहिलं की पाणी घालू नये हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी दर सोमवारी न चुकता गडवाभर पाण्यानं यंत्र धुतलं, कारण मीच साफ ठेवा म्हणाले होते. पत्र पाठवलं आणि निकालाची वाट पाहत बसले. मधे मृग लागला, पेरण्या झाल्या. मी गावाकडं फिरकले नाही. खरं सांगायचं तर तोंड दाखवायची लाज वाटत होती.

फोन आला तेव्हा बाईंनी रागवायचं सोडून भलतंच विचारलं. तो गडवा नेहमी एकच असतो का? दर वेळी पूर्ण भरतात का? त्यात पाणी किती मावतं? मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. अंदाज सांगू लागले तर त्यांनी थांबवलं. "अंदाज नको. त्यांना विचारा."

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून काचेचं मोजपात्र घेतलं आणि गाव गाठलं. मावशी दारात बसून डाळ निवडत होत्या. मी येताना जीपमध्ये बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही. "मावशी, चुकलं माझं. कागद माझ्याजवळ होता, मी वाचून दाखवला नाही," एवढंच निघालं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, बसा म्हणाल्या, पाणी दिलं. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत, आणि मलाही ते विचारायचा धीर झाला नाही.

गडव्याचं विचारलं तसा त्यांनी तो आणून दिला. माहेरचा, निलंग्याकडचा. चाडं धुवायला कायम हाच, आणि काठोकाठच. अर्ध्या गडव्यानं काय धुवायचं, असं त्यांनीच मला उलट विचारलं. आम्ही तो तीनदा भरून मोजपात्रात ओतला. तिन्ही वेळा पाणी एकाच रेघेवर आलं. मी मोबाईलवर नैरोबीला व्हिडिओ कॉल लावला आणि पहिल्यांदा गडवा, मग रेघ दाखवली. बाईंनी समोरच्या कागदांवर काहीतरी ताडून पाहिलं आणि एक शंका काढली. दोन वर्षांत सगळे सोमवार सारखे आहेत, टक्‌ची संख्या एक-दोननं मागंपुढं. फक्त मागच्या पौषातल्या एका सोमवारी पाणी बरंच कमी का?

मावशींना आठवायला वेळ लागला नाही. त्या दिवशी नात कडेवर होती, तिनं मावशींचा हात हलवला आणि धार बाहेर गेली. हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा बाई खुर्चीत मागं टेकल्या आणि हसल्या. पावसाच्या नोंदीतला फरक कुणी असा कडेवरच्या नातीसकट समजावून दिल्याचं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं.

मग त्यांनी धार कशी सोडतात ते बघायचं म्हटलं. मी किल्ली मावशींपुढं धरली. त्यांनी हात पुढं केला नाही. मीच कुलूप काढलं. त्यांनी गडवा धरला, धार सोडली. दोन टक् झाले आणि आवाज बंद पडला. नरसाळ्यात पाणी तुंबून वर वर येऊ लागलं. मावशींनी धार तिथंच तोडली.

"बाई, चाडं तुंबलंय. पेरताना असं झालं तर मागची सगळी ओळ रिकामी जाती. उगवल्यावरच कळतं."

डबा उघडला. नरसाळ्याच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घरटं बांधलं होतं, चांगलं वाळून घट्ट झालेलं. म्हणजे ज्या पावसावर सगळ्या गावाच्या पेरण्या झाल्या, तो पाऊस यंत्रानं मोजलाच नव्हता. पडद्यावर बाई एकदम गंभीर झाल्या. गेले काही आठवडे तुमचं गाव कोरडं आहे असंच त्या समजत होत्या, आणि तसंच लिहिणार होत्या. शेजारच्या गावांत पाऊस आणि इथं नाही, असं तर आमच्याकडं नेहमीचंच. कुणालाही संशय आला नसता.

मी दिवस मोजले. मावशींनी किल्ली ठेवली त्यानंतर चार सोमवार झाले होते. त्यांचा गडवा चालू असता तर घरट्याची माती ओली असतानाच टक् कमी पडले असते आणि पुढच्याच सोमवारी त्यांनी तुंबलेलं काढून टाकलं असतं. दोन वर्षं एका सोमवारीही जे चुकलं नाही, ते माझ्या तोंडामुळं चार आठवडे बंद पडलं.

बाई बोलू लागल्या तसं मी वाक्यावाक्याला मराठी करत गेले. मावशींचं पाणी वजा करणं सोपं आहे, वेळ ठरलेली, माप ठरलेलं. त्यामुळं या गावाची दोन वर्षं अभ्यासात राहतील. आणि मग त्या म्हणाल्या, "बाकीच्या सगळ्या ठिकाणी यंत्र खरं बोलतंय यावर मला विश्वास ठेवावा लागतो. या एका गावात दर सोमवारी ते कुणीतरी तपासून पाहत होतं. त्यांना विचारा, पुन्हा सुरू करतील का? आमच्याकडं आणि स्पेनमध्येही आम्हाला हे असंच करायचं आहे."

इतकी विद्या असलेल्या बाईनं एका गडव्यापुढं अशी मान तुकवावी, हे पाहून मला भरून आलं. चूक सापडली म्हणून हात झटकून मोकळं होणं किती सोपं होतं. तिनं चुकीतसुद्धा माणूस किती नेमानं वागला, ते आधी पाहिलं. मी शेजारी राहून, त्याच भाषेत बोलून जे पाहिलं नाही, ते तिनं समुद्रापलीकडून पाहिलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मोबाईलकडं बघत, सावकाश म्हणाल्या, "तिला सांगा, माझा सोमवार चुकला न्हाई. चार सोमवार गेले ते ह्या बाईंच्या रागानं गेले."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. तिकडं बाईंनी कळलं म्हणून मान हलवली. तेव्हा कुठं मावशींनी हात पुढं केला, किल्ली घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली.

दसऱ्याच्या आधीच्या बैठकीत गावाची नोंद राहिली. प्रत्येक यंत्राच्या नोंदीला एक रकाना असतो, कुठले दिवस धरू नयेत आणि का, हे लिहायचा. आमचा रकाना भरायचं काम अर्थातच माझं होतं. यंत्र तुंबलं, एवढं लिहून भागलं असतं. खोटंही झालं नसतं. पण आता तीन देशांत सोमवारची धार सुरू होणार होती आणि ती कशानं बंद पडते, हेही तिथल्या माणसांना कळायला हवं होतं.

लिहून झाल्यावर तो कागद घेऊन मी गावी गेले. सोमवारच होता. मावशींचा गडवा ओट्यावर वाळत पालथा पडलेला. या वेळी मी कागद वाचून दाखवला, इंग्रजीतलं एकेक वाक्य मराठीत करून: हे चार आठवडे धरू नयेत. यंत्र तुंबलं होतं. ते दर आठवड्याला तपासणाऱ्या बाईंनी काम थांबवलं होतं, कारण देखरेख करणारी त्यांच्यावर लोकांसमोर ओरडली. चूक देखरेख करणारीची.

मावशींनी शेवटची ओळ मला पुन्हा एकदा वाचायला लावली.

"हाव," त्या म्हणाल्या. "आता बरोबर हाय." आणि धपाटं खाऊन जा म्हणून आत गेल्या.